पल्याड कोण?

त्सुकुबा, जपान
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. वृंदेस,

दादाचे आशीर्वाद. गुडघ्यांना वेगळे आणि डोळ्यांना वेगळे, दोघांत वाटून घे.

तिळगुळाचं पार्सल रथसप्तमीच्या आदल्या दिवशी पोचलं, म्हणजे अगदी मुदतीत. वड्या वाटेत फुटल्या होत्या. तन्वीनं त्या चमच्यानं वाढल्या. अबोलीनं चव घेऊन ‘ओइशी’ म्हटलं, म्हणजे छान आहे. ‘गोड गोड बोला’ म्हणायचं असतं असं मी शिकवायला गेलो, तर पोरीनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बोललीच नाही. तिला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र जपानीत येतं. सकाळी शाळेला निघताना दारातून विचारते, “आजोबा, दाइजोबु?” म्हणजे, बरे आहात ना? आजोबा, दाइजोबु. काय यमक जुळलंय बघ! कवितेवर जीव लावणाऱ्या माणसाला नातीनं रोज एवढं दिलं तरी पुष्कळ झालं.

तू म्हणशील, रविवारी फोनवर तोंड बघून बोलतो, मग हा पत्राचा खटाटोप कशाला? अगं, ते काय बोलणं आहे? जयेश फोन धरून उभा, तन्वी मागून कणकेचे हात दाखवते, आणि तू तिकडून नुसतं कपाळ दाखवतेस. कपाळावरचं गोंदण आणि वर पंखा, एवढंच दिसतं आम्हाला. शिवाय तुझ्याशी बोलायचं तर मला जरा आडवळणानं जावं लागतं, आणि फोनवर आडवळण घेतलं की जयेश म्हणतो, “बाबा, मुद्द्याचं बोला.” म्हणून हे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. माझ्यासारखं वाचून दाखवणारं आता जवळ नाही, तर भिंगानं का होईना, तुझं तुला वाचता यावं.

इथलं गाव मोठं आखीव आहे. झाडंसुद्धा सरळ रेषेत उभी, वर्गात उभं केल्यासारखी. दिवसभर सगळे आपापल्या प्रयोगशाळांत गेले की रस्त्यावर सायकली तेवढ्या दिसतात. मी खिडकीशी बसून राहतो हे तन्वीच्या मनाला लागलं असावं. तिनं एक वर्ग शोधून काढला. कोमिनकान म्हणून असतं इथे, आपल्या नगरवाचनालयात समाजमंदिर मिसळावं तसं. तिथे दर गुरुवारी सकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो. शिकणारी सगळी आपल्या वयाची जपानी मंडळी. शिकवणारे म्हणजे ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे असे इथे राहणारे गोरे लोक. पुस्तक नाही, फळा नाही. समोरासमोर बसायचं आणि बोलायचं.

बूट काढून सपाता घालून आत गेलो, तर दारातच पंचाईत. ताकेदा-सान म्हणून एक गृहस्थ हा वर्ग चालवतात. ते प्रत्येकाच्या छातीवर फीत लावतात. इंग्रजी ज्याची आपली भाषा, त्याला हिरवी. जो शिकायला आलाय, त्याला पिवळी. हिरवे आपल्या टेबलाशी बसून राहतात. थोड्या थोड्या वेळानं घंटा वाजते आणि पिवळे उठून पुढच्या खुर्चीवर सरकतात. मला अर्थातच पिवळी लावली. पहिलाच समोर आला ग्रॅहम. स्कॉटलंडचा आहे, बायको इथली, आवाज लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा. मी त्याला माझी ओळख करून दिली, विद्युत मंडळातली नोकरी सांगितली. तो पोट धरून हसला. म्हणाला, तू बोलतोस तेव्हा मला वाटतं माझं वीजबिल थकलंय. पण लगेच ताकेदा-सानना बोलावून म्हणाला, या माणसाला पिवळी फीत काय लावता, हा तर मला व्याकरण शिकवेल.

मग हिरवी लावली. पुढच्या बाई समोर येऊन बसल्या, त्यांनी फितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फितीकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत, फार सभ्य लोक हे. पण लाल डब्यात पेढे असतील म्हणून उघडावा आणि आत शेव निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला. शेवटी ताकेदा-साननी दोनदा वाकून माफी मागितली आणि मला दोन्ही फिती लावल्या. आता मी हिरवाही आहे आणि पिवळाही. खिडकीपाशी टोकाचं टेबल मला दिलंय. तन्वी म्हणते, “बाबा, तुम्ही तर जंक्शन झालात.”

तिथून बसल्या बसल्या बाकीच्यांची बोलणी ऐकतो. एक गोष्ट लक्षात आली. हिरव्यांना गप्प बसणं सोसत नाही. पिवळा बिचारा एखादा शब्द शोधायला मनात खाली वाकला, की हे वरून तीन शब्द त्याच्या हातात देतात. तो त्यातला एक घेतो, ‘येस, येस’ म्हणतो, आणि जे सांगायचं होतं ते तिथेच राहतं. प्रेमानंच करतात. ग्रॅहमसारखा उदार माणूस नाही. पण म्हाताऱ्याला घास भरवावा तसं ते बोलणं.

ओगावा-सान म्हणून एक बाई आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या. एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात, नातू फक्त इंग्रजी बोलतो, म्हणून या वयात शिकतात. त्या शब्द शोधायला गेल्या की लवकर परत येत नाहीत. त्यांच्यापुढे ग्रॅहम कासावीस होतो. माझ्याकडे आल्या तेव्हा मी वाट पाहिली. मला कुठे गडबड आहे? घंटा वाजेपर्यंत आमची जेमतेम दोन वाक्यं झाली. त्यांच्या अंगणात प्लमचं झाड आहे, आणि ते त्यांच्या नवऱ्यानं चुकीच्या जागी लावलंय. एवढंच. पण उठताना दोघांनाही वाटलं, आज पुष्कळ बोललो.

आणि तेव्हा मला आपला वर्ग आठवला, वृंदे. नीरेच्या काठची ती शाळा, एकाच खोलीत दुसरी आणि चौथी. मधे बारदानाचा पडदा. शिर्के गुरुजी चौथीला एक ओळ म्हणायला लावायचे आणि पडद्यापलीकडून दुसरीनं पुढची म्हणायची. त्यांनी स्वतःच रचलेली होती, आपल्याला वाटायचं जगातली सगळ्यात थोर कविता हीच.

पल्याड कोण, पल्याड कोण?
मी आणि माझा कंदील, दोन.
पाणी चढलंय, येऊ कसा?
हाकेला धरून ये तू तसा.

दुसरीतली बाकीची पोरं पुटपुटायची. पडद्याआडून खणखणीत आवाज यायचा तो तुझा एकटीचा. ‘मी आणि माझा कंदील, दोन.’ गुरुजी म्हणायचे, कंदील दिसत नाही पण उजेड पडला.

गेल्या गुरुवारी मी ती ओगावा-सानना म्हणून दाखवली. अर्थ सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांच्या शाळेतली एक म्हटली. मला एक अक्षर कळलं नाही. पण शाळेतलीच होती, हे चालीवरून कळलं.

बरं, तू मागच्या रविवारी विचारलंस, कधी येतोस ते नक्की सांग. तर त्याचं असं आहे की इथे अजून थंडी फार आहे, आणि जयेशचं काही काही चाललंय, आणि हा कागदही संपत आला बघ. मोठं अक्षर काढायचं म्हणजे हे असं होतं.

तुझा,
दादा


त्सुकुबा, जपान
शनिवार, १५ मार्च २०२५

चि. वृंदेस,

आशीर्वाद. परवा होळी झाली. तन्वीनं कटाच्या आमटीसकट सगळं केलं. होळी पेटवता येत नाही, इथे कचरासुद्धा वारानुसार निवडून ठेवावा लागतो, तिथे गोवऱ्या कुठून आणणार? अबोलीनं कागदावर होळी काढली, तिच्यासमोर मी पालथ्या हातानं बोंब मारली, आणि खालच्या मजल्यावरून एक सज्जन काळजीनं वर विचारायला आले. ओगावा-सानच्या अंगणातला प्लम फुलून झडायला लागलाय. चुकीच्या जागी लावलाय खरा. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही म्हणे, एवढा फुलतो.

माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. डोळे दुखत असतील. नाहीतर तुला कळलं असेल की त्या पत्रात मी सगळं लिहिलं आणि लिहायचं तेच लिहिलं नाही.

तर आता लिहितो.

जयेशला मी कायमचा इथे हवाय. पाहुणा म्हणून दरवेळी तीन महिने, तसं नाही, कायमचा. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडलो, तेव्हापासून त्यानं ते मनात धरलंय. इथे म्हाताऱ्या आईबापांना सहजासहजी ठेवून घेत नाहीत. पण अगदीच निराधार असेल तर विचार होतो म्हणे. त्यानं हे अर्जांचं काम बघणाऱ्या एका बाईंना गाठलं. बाई नीटनेटक्या, बोलायला गोड. त्यांनी मला एकच विचारलं, तुमच्या देशात तुमचं बघणारं कोणी आहे का? भाऊ, बहीण, कोणीही? मी उत्तर द्यायच्या आत जयेश जपानीत काहीतरी बोलला. त्या हसल्या आणि पुढचं विचारू लागल्या. बाहेर आल्यावर मी जयेशला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, “नंतर बघू, बाबा.”

त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्या दोघांचा फोन चालला होता. मी आंघोळीला गेलोय असं तुम्हाला वाटलं. मी पंचा घ्यायला परत आलो होतो. तू जयेशला म्हणालीस, “अरे, एवढा विचार काय करतोस? लिहून टाक, कोणी नाही म्हणून. मी काय, आज आहे उद्या नाही. दादाला सांभाळणारं तिकडे आहे ना, मग झालं. मला त्यात धरूच नका.”

वृंदे, मी पंचा घेऊन तसाच पॅसेजमध्ये उभा. जयेश म्हणाला, “आत्या, तुला वाईट नाही ना वाटलं?” तू हसलीस. तुझं ते हसणं मी लहानपणापासून ओळखतो. गणपतीत मोदक कमी पडले की तू असंच हसून सांगायचीस, मला गोड आवडतच नाही.

त्यानंतर मी काही बोललो नाही. खरं सांगू, मोहही पडला होता. इथे उबदार खोली आहे, नात आहे, सून जीव लावते. मनाची समजूत घातली, कागदावरचं तर आहे, वृंदेनंच सांगितलंय. चालवून घेतलं.

अर्जवाल्या बाई म्हणाल्या होत्या की अधिकारी कदाचित समोर बोलावून विचारतील, इंग्रजीतही चालेल. म्हणून जयेशनं ग्रॅहमला सांगितलं, बाबांची जरा तयारी करून घ्या. झालं, ग्रॅहमला उत्साह. गेल्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो माझ्या टेबलाशी साहेब होऊन बसला. नाव विचारलं, वय विचारलं, मुलगा काय करतो विचारलं. माझी उत्तरं फर्डी. मग विचारलं, भारतात तुमचं बघणारं कोण आहे?

मी शब्द शोधायला गेलो. शब्द सोपा होता, त्यासाठी खाली वाकायचं कारण नव्हतं. तरी मी वाकलो, आणि तेवढ्यात ग्रॅहमनं तो माझ्या हातात दिला.

“नोबडी,” तो म्हणाला. “एवढंच म्हणायचं. नोबडी. जास्त बोलायचं नाही.”

आणि मी मान डोलावली गं. त्या सगळ्या पिवळ्या मंडळींसारखी. ‘येस, येस’ म्हणालो. ग्रॅहम खूश. खांद्यावर थाप मारून तो शेजारच्या टेबलाशी गेला आणि घंटा वाजली.

ओगावा-सान माझ्यासमोर येऊन बसल्या. मागच्याच खुर्चीवर होत्या, सगळं ऐकलं असणार. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, तिच्यावर हात ठेवले आणि इंग्रजीत विचारलं. तुला मराठीतच सांगतो.

“तिकडे, पल्याड, कोण?”

त्यांना माझी कविता आठवली होती. मी छातीवरच्या फितींची टोकं चाळवत बसलो. त्या वाट बघत राहिल्या. शेजारून ग्रॅहम वळला, त्याला राहवेना. म्हणाला, त्यांचं तिकडे कोणीच नाही, आत्ताच आम्ही—

ओगावा-साननी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. “प्लीज,” म्हणाल्या. “वेट.”

आजवर त्या वर्गात हिरव्याला कोणी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. ग्रॅहमचं तोंड उघडंच राहिलं, पण राहिलं गप्प.

मग मी म्हणालो, माझी बहीण आहे.

आणि एकदा म्हटल्यावर थांबेचना. दोन घरं सोडून राहते म्हणालो. नवरा गेल्यावर शिवणकामावर तिनं घर चालवलं. संध्याकाळी चहा तिच्याकडे, आणि चहाच्या बदल्यात मी तिला पेपर वाचून दाखवतो, निधनवार्ता आधी. मी भाजीत मीठ विसरतो आणि ती माझ्याकडे येऊन न विचारता मीठ घालून जाते. वीजबिलाचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं, सगळी मोडकीतोडकी वाक्यं येत होती. घंटा वाजली तरी ओगावा-सान उठल्या नाहीत. त्यांच्यामागे पुढचे गृहस्थ पिशवी घेऊन अदबीनं उभेच. ताकेदा-सान एकदा घंटेकडे बघायचे, एकदा आमच्याकडे.

शेवटी ओगावा-साननी विचारलं, बहीण आता एकटी?

म्हटलं, हो.

त्यांनी पर्सचा पट्टा सरळ केला. मग म्हणाल्या, मुलगी मलाही बोलावते. मी इंग्रजी शिकते ती नातवाशी बोलायला, निघून जायला नाही. आणि मागे उभ्या असलेल्या गृहस्थांची माफी मागून उठल्या.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जयेशला सांगितलं, मी कोणापुढेही नोबडी म्हणणार नाही.

तो म्हणाला, “बाबा, ते फक्त अर्जापुरतं आहे. आत्याला कुठे कळणार आहे?”

“तिनंच तुला सांगितलं ना, मला धरू नका म्हणून?”

त्यानं हातातला चमचा खाली ठेवला. तुम्ही ऐकलंत, असं काहीतरी पुटपुटला. तन्वीनं हळूच पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला. मग तो एकदम चढ्या आवाजात बोलायला लागला, वृंदे. पुन्हा पडलात तर? मी ऑफिसात असताना भोरहून फोन आला की हातातलं काम टाकून जिन्यात पळतो, माहितीये? सगळं खरं होतं त्याचं. कान लाल झाले होते, शाळेत मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचे तसे.

मी विचारलं, “मी पडलो तेव्हा उचललं कोणी?”

“आत्यानं.”

“कडी आतून लावलेली होती.”

“माहितीये. तिनं वरवंट्यानं तोडली.” त्यानं चमचा उचलून परत ठेवला. “मग बाबा, मी कोण? मी नोबडी?”

पोरानं मला कोणीतरी असावं म्हणून हे सगळं केलं, आणि मी त्याच्या ताटावर बसून त्याला हे ऐकवत होतो. आम्ही दोघंही आमटीकडे बघत राहिलो.

तेव्हा अबोली सोफ्यावरून मान वर करून म्हणाली, “आजोबा, ती कपाळवाली आजी एकटी राहते?”

पूर्ण वाक्य, मराठीत! आधी तन्वीला हसू फुटलं, मग जयेशला. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “हो गं. तीच. कपाळवाली.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई अर्ज थांबवतील, मी सांगतो त्यांना. थोड्या वेळानं आणखी म्हणाला, पण न्हाणीघरात धरायला दांडा बसवल्याशिवाय जाऊ देणार नाही, आणि आतून कडी लावायची नाही.

कडीचं मी कबूल केलंय. तेव्हा आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रामनवमीच्या सुंठवड्याला मी भोरमध्ये असेन. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीन महिने इकडे, पाहुणा म्हणून. जयेश अजून थोडा गप्प गप्प आहे. रोज सकाळी माझ्या औषधांचा डबा स्वतः भरतो, जणू अजून कितीतरी वर्षं भरायचा आहे. त्याच्याशी जरा नीट बोल. आणि अर्जाचं पुन्हा काढू नकोस.

ग्रॅहमला खरं सांगितलं. त्यानं कान पकडावेत तसं काहीतरी केलं आणि म्हणाला, मी फार बोलतो. आता त्याच्या टेबलाशी कोणी अडलं की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतो. बघवत नाही, पण पिवळे बोलायला लागलेत.

अबोलीला मी कविता शिकवतोय. ‘पल्याड कोण’ ती झकास म्हणते. ‘कोण’ म्हणताना मान तिरकी करते, थेट तुझ्यासारखी. पुढची ओळ मात्र मी तिला शिकवलेली नाही. म्हणून दाखवायला गेलो, तर माझ्या तोंडून येईना. ती माझी नाहीच. मी नेहमी पडद्याच्या अलीकडे होतो.

यंदा पाडवा रविवारी आलाय. तोवर हे पत्र पोचेल. फोन लागला की ती तुला विचारणार आहे. फोन जरा खाली धर, कपाळाखालचंही दिसू दे. आणि ती विचारेल तेव्हा ‘कोणी नाही’ म्हणालीस तर याद राख. खणखणीत म्हण. समुद्र मोठा आहे, पण बारदानाच्या पडद्याहून जास्त जाड नाही.

ज्याचं पल्याड कोणीतरी आहे, असा
तुझा दादा,
नंदकिशोर